कपाटाची किल्ली
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ‘सोडियमची ज्योत पिवळी’ हे वाक्य आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहिले. ज्योत मात्र एकदाही दाखविली नाही. शाळेचे वर्णपटमापक कपाटात कुलूपबंद होते. फुटले तर भरपाई आपल्या पगारातून होईल, या भयाने आम्ही किल्लीच मागितली नाही. हा दोष आमचा.

निवृत्तीनंतर नातीसाठी पुठ्ठ्याची पेटी केली. एका टोकास बारीक फट, दुसऱ्या टोकास जुन्या सीडीचा तुकडा. मिठाच्या पाण्यात बुडविलेली तार स्पिरिटच्या दिव्यावर धरताच पेटीत ठळक पिवळी रेषा उमटली. खाण्याच्या सोड्यानेही तीच रेषा! पदार्थ दोन, परंतु दोहोंत सोडियम एकच. आपल्या जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यातही तेच आहे.

प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, हे बुन्सेन व किर्खोफ यांनी 1860 च्या सुमारास दाखविले. सोडियमच्या रेषा 589.0 व 589.6 नॅनोमीटरवर. 1868 साली सूर्याच्या वर्णपटात त्यांच्या शेजारीच, 587.6 च्या आसपास, निराळी पिवळी रेषा आढळली, तीच हेलियमची. एवढ्याशा अंतरात नवे मूलद्रव्य दडले होते!

म्हणून सभेस विनंती, की यंदा सत्कारांतील शाल-श्रीफळांचा खर्च वाचवून शाळांना ही उपकरणे द्यावीत. सोबत लेखी हमीही द्यावी : मुलांच्या हातून फुटल्यास भरपाई सभा करील. मग कोणी शिक्षक किल्ली मागण्यास भिणार नाही.