लहान आणि स्वस्त टॅब्लेट : किंमत किती, उपयोग कोणता?



एखादे नवे साधन खेड्यात येते तेव्हा त्याच्याबरोबर दोन प्रश्न येतात. ते कितीला मिळते, हा पहिला. आणि ते कोणत्या कामाला येते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दरपत्रकात चटकन सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी शाळेत, शेतात आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत जाऊन बसावे लागते. म्हणूनच बहुधा पहिल्या उत्तरावर खरेदी होते आणि दुसरा प्रश्न खरेदीनंतर डोके वर काढतो. लहान आकाराचा, कमी किमतीचा टॅब्लेट शाळांना आणि ग्रामीण कार्यकर्त्यांना द्यावा की देऊ नये, या वादाचेही असेच झाले आहे.

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडील दोन शेजारी तालुके या विचारासाठी सोयीचे आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथे साखर कारखाने निघाले. त्याच तालुक्यांत कालव्याचे पाणी न पोहोचलेली जिराईत गावेही आहेत. वालचंदनगरचा यंत्रउद्योग, १९७२ साली स्थापन झालेले बारामतीचे विद्या प्रतिष्ठान आणि तेथील कृषी विज्ञान केंद्र यांमुळे नवी साधने या भागाला अपरिचित नाहीत. साधन स्वीकारावे की नाही, हा येथील वाद नव्हे. कोणते, कोणासाठी आणि किती, हा खरा वाद आहे.

हिशेबाची पहिली पायरी

समजा, एका गावाने शाळेसाठी दीड लाख रुपये बाजूला काढले. पंधरा हजार रुपयांचे मोठे टॅब्लेट घेतल्यास दहा येतील. साडेसात हजारांचे लहान घेतल्यास वीस येतील. वीस मुलांच्या हाती साधन गेले, असे सांगणे कोणत्याही सभेत अधिक शोभते. परंतु मोठे साधन चार वर्षे टिकले तर त्याचा वर्षाकाठचा खर्च ३,७५० रुपये पडतो आणि लहान साधन दीड वर्षात बंद पडले तर ५,००० रुपये. उलट, तेच लहान साधन तीन वर्षे नीट चालले तर वर्षाला अवघे २,५०० रुपये पडतात. म्हणजे स्वस्त वस्तू महागच पडते असे नाही आणि स्वस्तच राहते असेही नाही. किती दिवस चालेल आणि किती तास कामी येईल, यावर तिची खरी किंमत ठरते.

आकाराचा वाद केवळ खेड्यापुरता नाही. मोठमोठ्या कंपन्यांतही तो झाला. २०१० साली अॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी सात इंची टॅब्लेट बोटांच्या स्पर्शाने वापरण्यास फारच लहान असल्याचे मत जाहीरपणे मांडले होते. त्याच कंपनीने २३ ऑक्टोबर २०१२ रोजी ७.९ इंच पडद्याचा लहान टॅब्लेट जाहीर केला. मोठ्या टॅब्लेटचा पडदा ९.७ इंचांचा होता. तेव्हा आकाराविषयीची मते बदलू शकतात. मात्र त्या लहान टॅब्लेटमधून कारागिरी कमी केलेली नव्हती, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

'आकाश'चा अनुभव

भारतात हाच प्रश्न विद्यार्थ्यांच्या संदर्भात उभा राहिला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिबल यांनी 'आकाश' या टॅब्लेटचे अनावरण केले. शासनाला एक नग सुमारे २,२५० रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्याला तो सवलतीने त्याहून कमी किमतीत देण्याचा विचार होता. हेतू निःसंशय मोठा होता. ज्या घरात संगणक येऊ शकत नाही, त्या घरातील मुलाच्या हाती सात इंची पाटी द्यावी, ही ती कल्पना.

परंतु किंमत आधी ठरली आणि वस्तू त्या किमतीत बसवावी लागली. पहिल्या 'आकाश'मध्ये ३६६ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक आणि २५६ मेगाबाइट स्मृती होती. पडदा हलक्या स्पर्शाने चालत नसे, तो दाबावा लागे. बॅटरी दोन-तीन तासांत उतरे आणि इंटरनेट केवळ वायफाय असेल तेथेच मिळे. ज्या खेड्यासाठी ही वस्तू कल्पिली होती, तेथे वायफाय नव्हते.

पुढे या कामाची सूत्रे मुंबईच्या आयआयटीकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२'चे अनावरण झाले. किंमत जवळपास तीच राहिली. पण प्रक्रियक एक गिगाहर्ट्झचा झाला, स्मृती दुप्पट झाली आणि पडदा स्पर्शसुलभ झाला. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचेही काम मुंबई आयआयटीने हाती घेतले. वर्षभरात लहान साधन किती सुधारू शकते, याचा हा पुरावा होय. तरीही पुरवठ्यात विलंब होत राहिला, बाजारात स्पर्शाचे मोबाईल झपाट्याने स्वस्त झाले आणि ही योजना मूळ संकल्पाच्या प्रमाणात विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलीच नाही. लहानपणामुळे 'आकाश' अडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो अडला, कारण प्रथम किंमत निश्चित झाली आणि त्याचे नेमके काम नंतर शोधले गेले.

वारणेचा धडा

याच्या उलट उदाहरण कोल्हापूरकडचे आहे. बारामती-इंदापूरच्या ऊसकऱ्यांना ते जवळचे वाटेल. १९९८ साली वारणानगर परिसरातील सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. शेतीची माहिती, शिक्षण, रोजगार अशा पुष्कळ अपेक्षा त्या संगणकांकडून होत्या. प्रत्यक्षात शेतकरी तेथे येत ते मुख्यतः उसासाठी. नोंद झाली का, वजन किती भरले, खत किती मिळाले, एवढेच त्यांना हवे असे. मग एवढ्या कामासाठी संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती यांवर खर्च कशाला, असा प्रश्न बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी उपस्थित केला.

सात गावांत आठ महिने प्रयोग झाला. संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि लघुसंदेश वापरण्यात आले. उसाची तीच माहिती तशाच रीतीने मिळू लागली, खर्च घटला, केंद्रापर्यंतचा हेलपाटा वाचला आणि शेतकऱ्यांनी आधीच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत अधिक पसंत केली, असे या अभ्यासात दिसून आले. येथे साधन पहिल्यापेक्षा कितीतरी लहान आणि स्वस्त होते. तरीही ते यशस्वी झाले. कारण काम काय आहे, हे अनेक वर्षांच्या अनुभवाने आधीच कळले होते. कामाच्या मापाने साधन निवडले गेले.

साधनाचे वय

तिसरा अनुभव अंगणवाड्यांचा आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक गावाने पाहिलेला आहे. अंगणवाडी सेविकांना नोंदींसाठी शासनाकडून २०१९ च्या सुमारास मोबाईल मिळाले. दोन-अडीच वर्षांत नोंदींचे ॲप बदलले, त्याचा भार वाढला आणि दोन गिगाबाइट स्मृतीचा तो मोबाईल अपुरा पडू लागला. संच तापतो, बंद पडतो, दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा तक्रारी करीत ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील हजारो सेविकांनी ते मोबाईल परत केले. पुढे नव्या संचांची तरतूद करावी लागली.

मोबाईल दिला तेव्हा तो निरुपयोगी नव्हता. साधन आहे तेवढेच राहिले, काम मात्र वाढत गेले. आज जेमतेम पुरणारी वस्तू उद्या पुरणार नाही, हे खरेदीच्या वेळीच गृहीत धरले पाहिजे. शिवाय, दिवसभर तान्ह्या बालकांची वजने घेणाऱ्या आणि पोषण आहार वाटणाऱ्या स्त्रीवर बंद पडलेल्या संचाचा दोष येऊ नये, ही साधी न्यायाची गोष्ट आहे.

कोठे लहान, कोठे मोठा

हे तीन अनुभव बारामती-इंदापूरच्या शिवारात आणून पाहिल्यास पुष्कळसा वाद आपोआप मिटतो.

कारखान्याच्या गट कार्यालयातून बांधावर जाणाऱ्या कर्मचाऱ्याला उसाची नोंद आणि तोडणीची तारीख पाहायची असते. त्याला खिशात मावणारे, उन्हात वाचता येणारे, दिवसभर बॅटरी टिकणारे साधन हवे. तेथे मोठा टॅब्लेट हे ओझे होय. शेतकऱ्याच्या बाबतीत तर वेगळे साधन देण्याची गरजच उरलेली नाही. २००३ सालापासून मुंबई आयआयटीच्या प्रश्नोत्तर सेवेमार्फत शेतकऱ्यांच्या शंकांना बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ उत्तरे देत होते, तेव्हा इंटरनेट केंद्रावर जावे लागे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने अलीकडे उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग आरंभला, त्यात पाणी व खताविषयीची सूचना शेतकऱ्याच्या स्वतःच्या मोबाईलवर येते. यंत्रे शेतात आणि शेतकऱ्याच्या हाती त्याचेच जुने साधन, ही रचना शहाणपणाची आहे.

शाळेचे गणित निराळे आहे. मराठी अक्षराला वर मात्रा आणि खाली उकार असतो. जोडाक्षरे दाट असतात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाचे मोठे पान सात इंची पडद्यावर आणले तर अक्षर वाचवत नाही आणि मोठे केले तर ओळ पडद्याबाहेर जाते. दुसरी-तिसरीच्या मुलाला ते बोटाने सरकवत वाचायला लावणे म्हणजे वाचनाची गोडी घालवणे होय. दोन-तीन मुलांनी मिळून पाहायचे असेल तर दहा इंची पडदाच हवा. मात्र ऐकण्याचे धडे, पाढे, छोट्या चाचण्या यांसाठी लहान साधन पुरेसे आहे. भीमेपलीकडील माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तेथे छापील पुस्तक पुस्तकच राहिले आणि साधन त्याचा सोबती झाले.

एक वर्ग मात्र असा आहे की, ज्याच्यासाठी लहान टॅब्लेट खरोखर मोलाचा ठरू शकतो. हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या या दोन तालुक्यांत येतात. त्यांच्याबरोबर मुले येतात आणि ऐन शाळेच्या दिवसांत त्यांची शाळा मागे राहते. ज्या मुलाचे घर दर हंगामाला बैलगाडीत वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसते, त्याचे साधन हलके, लहान आणि मजबूत असले पाहिजे. कोपीत वीज असेलच असे नाही; म्हणून बॅटरी दीर्घकाळ चालणारी हवी आणि धडे इंटरनेटशिवाय उघडणारे हवेत. हा टॅब्लेट शिक्षकाची जागा घेणार नाही. परंतु गावाकडील शाळेने मूल कोठपर्यंत शिकले हे त्यात नोंदवून दिले आणि इकडच्या शाळेने तेथून पुढे धरले, तर सहा महिन्यांचा खंड भरून काढता येईल.

खरेदीपूर्वीचे प्रश्न

सरपंच, मुख्याध्यापक आणि अधिकारी यांनी दरपत्रक उघडण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. साधनाने नेमके कोणते काम करायचे आहे? ते काम आज हाती असलेल्या मोबाईलवर होणार नाही काय? मराठी मजकूर त्या पडद्यावर सुखाने वाचता येतो काय, हे मुलाच्या हाती देऊन पाहिले आहे काय? वीज आणि इंटरनेट नसताना ते किती तास चालेल? आणि ते बिघडल्यास बारामती वा इंदापूरच्या बाजारात कोण, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने दुरुस्त करील? पाचही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली आणि समाधानकारक असली, तर लहान आणि स्वस्त टॅब्लेट जरूर घ्यावा. कमीपणा मानण्याचे कारण नाही. उत्तरे मिळाली नाहीत, तर मोठा आणि महागही घेऊ नये.

सार्वजनिक पैशाने घेतलेली वस्तू कपाटात पडून राहिली तर तिची किंमत कितीही कमी असली तरी ती महागच. आणि ज्या मुलाचे शिक्षण वाटेत तुटते, त्याच्या हाती ती रोज उघडली गेली, तर दिलेला प्रत्येक रुपया सार्थकी लागला. वस्तूचा आकार इंचांत मोजता येतो; तिचा उपयोग मोजायचा तर त्या मुलाने तिच्यावर किती वाचले, हेच पाहावे लागेल.