चोवीस तास कोण मोजते?



१८ डिसेंबर १९९६ ले सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू खटल्यात सांगितलं: अटकेचा कागद तिथंच करा, त्यावर वेळ टाका, घरच्याची नाही तं गावातल्या मातबराची सही घ्या. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. संविधानाचं २२ वं कलम म्हणते, प्रवास सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे. न पाळलं तं कोर्टाची बेअदबी.

पण कोर्ट दिल्लीत, कोठडी धारणीत, अकोटात. सकाळी धरलं अन् कागदावर संध्याकाळ लिहिली, तं चोवीस तास संध्याकाळपासून सुरू!

म्हणून जमिनीपायी कोणाले नेलं, तं दोघांनी मागं जायचं, वेळ वहीत लिहायची. वाचून घेतल्याबिगर अंगठा नाही. निकालावर पहारा आपणच ठेवू.