फोटोच्या बाजूची कमाई

(मुखेड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



डिजिटलच्या काळात फिल्मवर फोटो काढून पोट भरते का, असा प्रश्न संयोजकांनी मला घातला आहे. भरते. पण फोटो विकून नव्हे. आणि खरे सांगायचे तर निव्वळ फोटो विकून ते पूर्वीही क्वचितच भरायचे. आज मला एवढेच मांडायचे आहे.

आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातला सगळ्यांत नावाजलेला छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्म, रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिक्षण आणि नोकरी इंदूरला, बांधकाम खात्यात नकाशे काढायची. कॅमेरा हाती आला तो ही नोकरी सांभाळून. पुढे सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानाने पदरी घेतले, तेव्हा बस्तान बसले. म्हणजे आधी पगार, मग दरबार. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तिथे फोटो काढायलाही बाईच ठेवली. कलावंत तर ते होतेच. पण गिऱ्हाईक कोणत्या दारापाशी अडते, हेही त्यांना नेमके कळायचे.

दादासाहेब फाळक्यांचे तसे झाले नाही. गोध्र्याला स्टुडिओ काढला, तोवर १९०० च्या प्लेगात बायको गेली, मूल गेले; गाव सुटले, स्टुडिओही सुटला. मग पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी, मग ब्लॉक आणि छपाई, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’. गोध्र्याचा धंदा झकास चालला असता तर आपला सिनेमा कधी आला असता, कोण जाणे.

अलीकडचे नाव हवे असेल तर गौतम राजाध्यक्ष घ्या. ‘चेहरे’ या पुस्तकामुळे ते घरोघर माहीत झाले, पण उमेदीची वर्षे त्यांनी लिंटास या जाहिरातसंस्थेत नोकरीत काढली. सुधारक ओलव्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली, तेव्हा तेही वृत्तपत्राच्या नोकरीत होते. घर पगारावर चालते तेव्हाच रोल आपल्या मनासारखा वापरता येतो.

आता तालुक्याच्या गावाकडे येतो. स्टुडिओवाल्याचे घर कशावर चालायचे? लग्नांवर, असे तुम्ही म्हणाल. लगीनसराई असते चार महिने. बारमाही चालायचा तो कागदपत्रांचा धंदा: शाळेचा दाखला, कॉलेजचा फॉर्म, बँकेचे खाते, नोकरीचा अर्ज. प्रत्येकाला दोन-तीन पासपोर्ट फोटो लागायचे. १९९३ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांनी मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला आणि देशभर माणसे कॅमेऱ्यासमोर बसवावी लागली. पुढे आधार आले. त्यात फोटो काढतो केंद्रावरचा ऑपरेटर, टेबलावरच्या वेबकॅमवर. पासपोर्टचा फोटोही आता सेवा केंद्रातच निघतो. परीक्षेच्या अर्जाला तर फोटो चिकटवायचाच नसतो, अपलोड करायचा असतो. स्टुडिओच्या पडत्या धंद्याला आपण मोबाइल जबाबदार धरतो, पण तालुक्यात पहिला घाव बसला तो सरकारी टेबलावर. आणि स्टुडिओवाल्यांनी हे वेळेत ओळखले, हे त्यांचे शहाणपण. झेरॉक्स मशीन आणले, ऑनलाइन फॉर्म भरून देऊ लागले, करिझ्मा अल्बम, ड्रोन, सगळे घेतले. त्यांनी कला सोडली, अशी हळहळ शहरातले लोक करतात. मला ती पटत नाही. पोराची फी हळहळीने भरता येत नाही.

फिल्मच्या कारखान्यांचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. उटीला १९६० मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६७ पासून ‘इंदू’ छापाची फिल्म निघू लागली. तो आता बंद आहे. कोडॅकच्याच एका इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा जुळवला होता, आणि हीच कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली. पण गंमत पुढेच आहे. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये परत आणली आणि पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा कोरा फिल्म कॅमेरा विकायला काढला. म्हणजे माल मिळतो. प्रश्न हिशेबाचा आहे.

तो हिशेब असा. ३६ फोटोंचा रंगीत रोल आज हजाराच्या घरात जातो. धुणे आणि स्कॅन धरले की दीड हजार. बटण दाबले की चाळीस रुपये गेले. लग्नाला आठ रोल धरा: २८८ फोटो आणि बारा हजार खर्च, तोही आपली मजुरी न धरता. डिजिटलवाला तेवढे फोटो हळदीलाच काढतो. मुखेडात हा खर्च कोण देईल? बहुधा कोणीच नाही. मुंबई-पुण्यात, गोव्यात देणारे थोडे आहेत, आणि त्यांच्यावरही वर्ष निघत नाही. म्हणून आज फिल्मवर जगणारे लोक रोल धुऊन देतात, जुने कॅमेरे दुरुस्त करून विकतात, डार्करूम शिकवतात. गोव्यात ‘गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’ ही संस्था अशाच शिकवण्यावर उभी राहिली. पोरांना लाल दिव्याखाली कागदावर चेहरा उमटताना बघायचा असतो, आणि त्यासाठी ती पैसे मोजतात.

मग आपल्याकडे बाजूची कमाई कुठली? माझ्या मते ती जुन्या स्टुडिओंच्या डब्यांत आहे. १९९३ च्या भूकंपात किल्लारीकडे घरे पडली, तेव्हा भिंतींवरचे फोटोही गेले. अशा घराच्या फोटोची निगेटिव्ह एखाद्या स्टुडिओत असेल, तर तीच त्या चेहऱ्याची शेवटची प्रत. अशा निगेटिव्ह स्कॅन करून मोठ्या प्रती देणे हे रोख पैशाचे काम आहे. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

पहिली कायद्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, फोटो काढवून घेणाऱ्याचा असतो. डबा तुमचा असला तरी फोटो प्रदर्शनात लावण्याआधी त्या घरी जाऊन विचारा. दुसरी भंगाराची. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते, त्यामुळे ती वजनावर घेणारे येतात. आपले कितीतरी जुने सिनेमे याच वाटेने गेले. रंगीत निगेटिव्हमध्ये धुतल्यावर चांदी उरत नाही, तेव्हा त्या घेणारा तुम्हाला फसवत नसेल, तर स्वतः तरी फसतो आहे. तिसरी आपल्या उन्हाळ्याची. पत्र्याखाली ठेवलेल्या जुन्या निगेटिव्हला उष्णतेने व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो, फिल्म आक्रसते. डबा उघडल्यावर हा वास आला तर ती फिल्म बाकीच्यांपासून वेगळी काढा, तीच आधी स्कॅन करा आणि उरलेल्या निगेटिव्ह घरातल्या सगळ्यांत थंड, कोरड्या खोलीत हलवा.

आता प्रश्न घेऊ. रोल कुठे मिळतो, हा पहिला प्रश्न असणार हे मला माहीत आहे: मुंबई-पुण्याहून कुरिअरने मागवा, आणि पार्सल आल्यावर मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत विसरू नका.