वाटेत पंप नाही

मंगळयानाचा विषय निघाला तेव्हा आमच्या गटातून पहिला प्रश्न आला, की त्यातलं इंधन संपलं तर भरायचं कुठे? प्रश्न नेमका आहे. कुठेच नाही. निघताना घेतलं तेवढंच.

5 नोव्हेंबर 2013 ला श्रीहरिकोट्याहून निघालेल्या या यानाचं वजन होतं सुमारे 1337 किलो, आणि त्यातलं 852 किलो नुसतं इंधन! फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडला की हवा मागे सुटते आणि फुगा पुढे पळतो. इंजिनाचंही तसंच. पण वर हवा नाही, मग जाळ कसा धरणार? म्हणून जळणाला लागणारा प्राणवायू पुरवणारं द्रव दुसऱ्या टाकीत नेतात. ही दोन द्रवं भेटली की आपोआप पेटतात, काडी लागत नाही. आपल्या चुलीला हे सुख नाही.

रॉकेट लहान, एका दमात मंगळाकडे धाडण्याइतकी ताकद त्यात नव्हती. म्हणून झोक्याला नेमक्या वेळी रेटा द्यावा तसं, फिरत फिरत यान पृथ्वीजवळ आलं की थोडा वेळ इंजिन पेटवायचं आणि फेरा लांबवायचा. 1 डिसेंबरला ते मंगळाच्या वाटेला लागलं.

खरी धाकधूक पुढेच होती. मोठं इंजिन जवळजवळ 300 दिवस बंद होतं. ते पेटलं नसतं तर यान मंगळाजवळून तसंच पुढे निघून गेलं असतं. म्हणून इंधनाच्या नळ्यांची दुसरी सोय आधीच केलेली होती. 22 सप्टेंबर 2014 ला चारच सेकंद पेटवून पाहिलं. 24 तारखेला मात्र सुमारे 24 मिनिटं पेटवायचं होतं. पृथ्वीवरून निरोप पोचायलाच 12 मिनिटं लागत, म्हणून सगळ्या सूचना आधीच यानात भरलेल्या. त्यात यान मंगळाआड गेलं, म्हणजे काही कळायची सोय नाही. या मोहिमेच्या संचालनात नंदिनी हरिनाथ आणि रितू करिधाल उपसंचालक होत्या, हे मुद्दाम सांगतो.

इंजिन पेटलं. टाकीत 40 किलोच्या आसपास इंधन उरलं. यानाला सहा महिनेच काम नेमून दिलं होतं, पण आम्हाला कौतुक वाटतं ते पुढच्या काटकसरीचं. 2017 मध्ये यान फार वेळ सावलीत राहणार होतं, तेवढा वेळ बॅटरी टिकली नसती. तेव्हा जानेवारीत सुमारे 20 किलो इंधन खर्चून त्याची वाट बदलली. 2022 च्या एप्रिलमध्ये पुन्हा लांब सावली आली आणि संपर्क तुटला. तोवर इंधन संपलेलं असावं, असं इस्रोनं सांगितलं.