उरलेली भाकरी



दोन वर्षांपूर्वी माझे गुडघे जिना चढू देईनात, रक्तातली साखरही वाढली. तेव्हा डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवलेली रीत धरली. दिवसातून दोनदाच जेवायचे, तेही प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत. (साखरेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, मी विचारले होते.) सात किलो उतरले.

मग धुळ्याला माहेरी लग्न निघाले. मांडे, शेवभाजी आणि वर आग्रह! लग्न चार दिवसांत संपले, वजन मात्र जळगावला परतल्यावरही वाढतच राहिले. मला रडू आले. शेवटी स्वतःवरच पाळत ठेवली. मुलांनी टाकलेली अर्धी भाकरी, पातेल्याच्या तळचे भरीत, सारे वाया जाऊ नये म्हणून ओट्याशी उभ्याने माझ्याच पोटात जात होते! आता भाकऱ्या मोजून थापते. उरलीच तर सकाळी कुस्करून फोडणीला घालते, आणि ती सर्वांनी खायची.

पहाटे साडेपाचला शेजारच्या वहिनी कडी वाजवतात. कंटाळा आला तरी त्या दारात ताटकळतील म्हणून उठते. आम्ही मेहरूण तलावाकडे जातो. कोणाला यायचे असेल तर आजच सांगा, उद्या तुमचीही कडी वाजवू.