इंटर की डिप्लोमा?

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात पालकांसमोर केलेले भाषण)



या समारंभात गुणवंतांचे पालक बोलतात. आमच्या मुलाला बक्षीस नाही, तरी कार्यवाहांनी आम्हां उभयतांच्या वतीने बोलायला लावले, कारण सारा उन्हाळा आमच्या घरी एकाच प्रश्नावर गेला. दहावी झाली, आता इंटर की पॉलिटेक्निक?

चिरंजीव पॉलिसेट देऊन आले होते. त्यांना डिप्लोमाच करायचा होता. सर्वांत मोठा विरोध आमचा, म्हणजे स्वतः डिप्लोमावर सरकारी नोकरीला लागलेल्या माणसाचा! आमच्या खात्यात डिप्लोमावाला असिस्टंट इंजिनियर म्हणून लागतो आणि पदवीवाला त्याच्या वरच्या, असिस्टंट एक्झिक्युटिव्ह इंजिनियरच्या जागेवर. कालपरवा आलेल्या पोराला 'सर' म्हणताना काय वाटते ते आम्हांला ठाऊक. मुलाच्या वाट्याला ते नको होते.

म्हणून एक कॉर्पोरेट ज्युनियर कॉलेज पाहायला गेलो. नाव घेत नाही. हॉस्टेलचे वेळापत्रक भिंतीवर होते, पहाटेपासून रात्री १० पर्यंत अभ्यासच अभ्यास. सौ.ने विचारले, "मुलं खेळतात कधी?" तिथले गृहस्थ म्हणाले, "दोनच वर्षांचा प्रश्न आहे, मॅडम." परतताना आम्ही कोणीच बोललो नाही. २०१९ साली इंटरच्या निकालानंतर आपल्या राज्यात वीसहून अधिक मुलांनी जीव दिला, ते आठवत होते.

त्या रात्री मुलाने कागदावर हिशेब मांडला. इंटरची २ आणि बी.टेक.ची ४, झाली ६ वर्षे. डिप्लोमाची ३, मग ईसेट देऊन थेट बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला, तिथली ३. तीही सहाच. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही ईसेट का नाही दिलीत?" घरची गरज होती, नोकरी लागली, हे नेहमीचे उत्तर. नापास होण्याची भीतीही होती, हे आम्ही त्या रात्री प्रथमच बोललो. ईसेटच्या जागा मोजक्या असतात, तेही त्याला सांगितले. तो म्हणाला, "माहीत आहे."

आता चिरंजीव मासाब टँकच्या सरकारी पॉलिटेक्निकात जातात. आपल्यातलेच काही जण अजून विचारतात, "इंटरला जमलं नाही का?" कृपा करून मुलांसमोर तरी विचारू नका. आमच्या आजोबांना उस्मानियात सगळे उर्दूतून शिकावे लागले. लोक तेव्हाही असेच काहीबाही विचारायचे म्हणे.

काळजी संपलेली नाही. पहिल्या चाचणीचे गुण पाहून सौ. देवापुढे जरा जास्तच वेळ उभी होती. ज्यांच्या घरी मूल गप्प गप्प झाले आहे, त्यांनी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लिहून ठेवावा. सरकारी आहे, फुकट आहे.

हिशेबाचा तो कागद आमच्या खिशात आहे. कुणाला पाहायचा असेल तर आरतीनंतर भेटा, आम्ही प्रसादाच्या टेबलापाशीच आहोत.