तळ्याचं पाणी, पिकाचं खत



आपलं इनामगाव घोड नदीकाठचं. इथं तीन हजार वर्षांपूर्वीही शेती होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं. त्यात पाण्याचा जुना पाट सापडला.

आज आपण शेततळ्यात मासे पाळतो. तळ्यातलं पाणी अधूनमधून बदलावं लागतं. ते ओढ्याला सोडू नका. त्यात माशांची विष्ठा असते, उरलेलं खाद्य असतं. म्हणजेच नत्र आणि स्फुरद. तेच आपण पैसे मोजून पोत्यानं आणतो!

हे पाणी उसाला, मक्याला, घासाला द्या. तेवढा युरिया कमी टाका. ठिबकला देताना आधी गाळून घ्या. तळ्यात औषध टाकलं असेल, तर थांबा. कच्च्या खायच्या भाजीवर ते शिंपडू नका.

पाणी एकच. त्यावर मासाही वाढतो, पीकही वाढतं.